वणव्यापासून घराचा बचाव

वणव्यात घर तीन प्रकारे पेटते. ज्वाळा भिंतीला थेट भिडतात. ज्वाळा काही अंतरावर असल्या तरी त्यांची झळ लाकूड, प्लास्टिक आणि खिडकीआडचे पडदे पेटवते. किंवा वाऱ्यावर उडत आलेले निखारे एखाद्या फटीत, वळचणीत, पन्हळीतल्या पाचोळ्यात पडतात आणि तिथे आग धरते. वणवा म्हटला की गावावर चालून येणारी ज्वाळांची भिंत डोळ्यांपुढे उभी राहते. जळून गेलेल्या वस्त्यांच्या पाहणीत मात्र बहुतेक ठिकाणी निखारेच दोषी ठरतात. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात लागलेल्या वणव्यांत ७५ माणसे गेली. त्यानंतर तिथल्या ‘सीएसआयआरओ’ या सरकारी संशोधन संस्थेने जळालेल्या घरांची नोंद केली, तेव्हा बहुसंख्य घरांना ज्वाळा शिवल्याच नव्हत्या असे आढळले. ती निखाऱ्यांनी पेटली होती, आणि कित्येक घरे तर मुख्य आग पुढे निघून गेल्यावर बऱ्याच वेळाने.

अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने तपासला. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात १९९७ पासून पुढे काही वर्षे मुद्दाम लावलेल्या, झाडांच्या शेंड्यांपर्यंत भडकणाऱ्या वणव्यांसमोर त्यांनी लाकडी भिंती उभ्या केल्या. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. २० मीटरवरच्या फार तर किंचित करपल्या. ३० मीटरवरच्या भिंतींवर डागही पडला नाही. जंगलातली उंच ज्वाळा एका जागी फार तर मिनिटभर भडकते आणि पुढे सरकते. तेवढ्या अवधीत ३० मीटरवरचे लाकूड पेटण्याइतके तापत नाही. घर पेटेल की वाचेल हे घर स्वतः आणि त्याभोवतीचा सुमारे ३० मीटरचा परिसर मिळून ठरवतात, असा निष्कर्ष कोहेन यांनी काढला. अमेरिका आणि कॅनडातील आजच्या सल्ल्यांचा पाया हाच आहे. मैलोगणती पलीकडच्या जंगलात काय चालले आहे याला महत्त्व आहेच, कारण निखारे तिथूनच येतात. पण ते निखारे कुठे पडतात आणि पडल्यावर त्यांना काय सापडते, हा भाग बराचसा घरमालकाच्या आवाक्यातला आहे.

कॅलिफोर्नियातील पॅराडाइज या गावात याचा पुरावा जगाने पाहिला. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी वीजवाहिनीच्या झिजलेल्या आकड्यामुळे लागलेल्या आगीत ८५ माणसे गेली आणि १८,८०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. नंतरच्या छायाचित्रांत घरांच्या जागी राख आणि उभी धुराडी आहेत, पण अंगणांतली कितीतरी झाडे हिरवी आहेत. आग झाडावरून झाडावर उडी घेत आली असती, तर ती झाडे आधी गेली असती. तिथे निखारे घरांवर पडले, घरे पेटली आणि मग घरांनी घरे पेटवली.

घर राखण्याचा विचार आतून बाहेर करावा लागतो: आधी छप्पर, मग भिंतीतली भोके आणि फटी, मग भिंतीलगतची जमीन, आणि शेवटी दूरची झाडी. बहुतेक माणसे उलट क्रमाने सुरुवात करतात. कुऱ्हाड घेऊन लांबचे झाड तोडतात आणि पन्हळीतला पाचोळा तसाच राहतो.

निखाऱ्यांना सर्वांत मोठी आडवी जागा मिळते ती छपरावर. लाकडी चिपांची छपरे या बाबतीत सर्वांत वाईट. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर ऑक्टोबर १९९१ मध्ये २५ जणांचा बळी घेणाऱ्या आगीत अशा छपरांनी आगीला मोठाच हातभार लावला. त्यांच्या जळत्या चिपा स्वतःच निखारे होऊन पुढच्या घरांवर उडत गेल्या. पत्रा, कौल, काँक्रीट किंवा चाचणीत ‘अ’ वर्ग मिळालेली डांबरी आच्छादने टिकतात. पण छपराचे साहित्य न जळणारे असले की काम संपले असे नाही. कौलांच्या रांगांत आणि आढ्याजवळ फटी असतात. पक्षी तिथे घरटी करतात, वारा पाने भरतो. कौल जळत नाही, त्याखालचे वासे आणि रिपा जळतात. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या नियमांत वणव्याच्या टापूतील कौलारू छपराखाली सलग अस्तर घालायला सांगितले आहे. पन्हळीचेही तसेच. धातूची पन्हळ जळत नाही, तिच्यात साचलेली वाळकी पाने जळतात, आणि त्यांची ज्वाळा बरोबर वळचणीच्या लाकडाखाली येते. प्लास्टिकची पन्हळ निदान वितळून खाली पडते, पण पेटती पडते. ती जिथे पडेल तिथे खाली काय आहे यावर पुढचे सारे अवलंबून.

दुसरी जागा म्हणजे हवा खेळण्यासाठी ठेवलेली भोके. पाश्चात्त्य धाटणीच्या घरांत माळ्याला आणि जमिनीखालच्या पोकळीला झरोके असतात. माळ्यावर जुनी पुस्तके, खोके, कपडे आणि उघडे लाकूड असते. एक निखारा आत गेला की घर आतून पेटते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळते तेव्हा छप्पर कोसळायला आलेले असते. कॅलिफोर्नियाच्या बांधकाम संहितेत २००८ पासून लागू झालेल्या वणव्याविषयीच्या प्रकरणानुसार झरोक्याच्या जाळीचे भोक १.६ ते ३.२ मिलिमीटरच्या दरम्यान हवे. ऑस्ट्रेलियात ते २ मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाही. जाळी धातूचीच हवी. नायलॉनची डास-जाळी झळ लागताच वितळते. अलीकडे तापताच फुगून भोक बंद करणारे झरोकेही मिळतात. महाग छपराच्या तुलनेत जाळी बदलणे हे अगदी किरकोळ खर्चाचे काम आहे, आणि दर रुपयामागे सर्वांत जास्त संरक्षण बहुधा तिथेच मिळते.

खिडकीची काच निखाऱ्याने फुटत नाही, झळेने फुटते. कडा चौकटीत झाकलेल्या आणि मध्य उघडा, त्यामुळे काच असमान तापते आणि तडकते. ती गळून पडली की दार सताड उघडल्यासारखेच. दोन तावदानांची खिडकी, त्यातले एक तरी कडक केलेल्या काचेचे, हा आजचा स्वीकारलेला उपाय आहे. धातूच्या शटरांनी आणखी भर पडते. गॅरेजच्या दाराखालची बोटभर फट मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते, आणि आत पेट्रोल, रंगाचे डबे, वर्तमानपत्रांची रद्दी असते.

अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यातील रिचबर्ग येथे विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेने २०१० मध्ये एक अवाढव्य प्रयोगशाळा उघडली. शंभराहून अधिक पंख्यांनी वादळी वारा निर्माण करून तिथे पूर्ण आकाराच्या घरावर निखाऱ्यांचा मारा केला जातो. या प्रयोगांत निखारे कुठे साचतात ते उघड दिसले: भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात, पायऱ्यांच्या सांध्यात, लाकडी ओट्याच्या फळ्यांमधील फटीत, छपराच्या खाचेत. वारा जिथे पाचोळा नेऊन टाकतो तिथेच तो निखारेही नेऊन टाकतो. घराच्या कोणत्या कोपऱ्यात पाने साचतात हे झाडणाऱ्याला रोज दिसते. तोच धोक्याचा नकाशा.

यातूनच भिंतीपासून पहिल्या दीड मीटरला, म्हणजे पाच फुटांना, सर्वाधिक महत्त्व आले. या पट्ट्यात जळणारे काही असू नये: झुडूप नको, लाकडाच्या सालींचा थर नको, सरपण नको, काथ्याचे पायपुसणे नको, वेताची खुर्ची नको. वाळू, खडी, फरशी किंवा उघडी माती चालेल. भिंतीला येऊन टेकणारे लाकडी कुंपण ही तर जळती वातच. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस कोलोरॅडोत बोल्डरजवळ वाळक्या गवतातून निघालेली आग ताशी १६० किलोमीटरच्या झोतांवर गृहसंकुलांत शिरली आणि हजारावर घरे गेली. तिथे गवताळ मोकळ्या जागांपासून घरांपर्यंत आग नेण्यात लाकडी कुंपणांचा वाटा मोठा होता. घराला भिडणारे कुंपणाचे शेवटचे दोन मीटर धातूचे किंवा दगडाचे केले तरी ही वाट तुटते.

हवाई बेटांतील लाहायना हे ऐतिहासिक गाव ८ ऑगस्ट २०२३ रोजी जळाले. शंभरावर माणसे गेली, दोन हजारांहून अधिक इमारती गेल्या. त्या काळ्या पट्ट्यात लाल छपराचे एक जुने लाकडी घर जवळपास जसेच्या तसे उभे राहिले आणि त्याचे छायाचित्र जगभर फिरले. मालकांनी थोड्याच काळापूर्वी डागडुजी करताना जड धातूचे छप्पर घातले होते, भिंतीलगतचा झाडोरा काढला होता आणि पागोळीच्या रेषेपर्यंत दगड पसरले होते. वणव्याचा विचार त्यांनी केला नव्हता. जुन्या घराची निगा एवढाच हेतू होता. नशिबाचाही भाग त्यात असणारच. पण छप्पर आणि पहिला दीड मीटर या दोन्ही गोष्टी त्या घराने नेमक्या साधल्या होत्या, हे योगायोग म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

दीड मीटरच्या पुढे १० मीटरपर्यंतचा आणि त्यापलीकडे ३० मीटरपर्यंतचा असे दोन पट्टे मानले जातात. कॅलिफोर्नियाचा कायदा घराभोवती १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर, मोकळीक मागतो. पोर्तुगालमध्ये ही मर्यादा ५० मीटर आहे. मोकळीक म्हणजे उजाड जमीन नव्हे. झाडांत अंतर ठेवायचे, खालच्या फांद्या छाटायच्या, गवत आखूड ठेवायचे, म्हणजे गवताची आग झुडपावर आणि झुडपाची झाडाच्या शेंड्यावर चढत नाही. उताराचा हिशेब मात्र वेगळा. चढावर ज्वाळा पुढच्या गवताला आधीच तापवतात, आणि दर १० अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा ऑस्ट्रेलियातील जुना ठोकताळा आहे. डोंगराच्या कडेला, दृश्यासाठी पुढे काढलेल्या लाकडी सज्जाचे घर म्हणूनच सर्वाधिक धोक्यात असते. त्याच्या खालच्या बाजूचा पट्टा वरच्यापेक्षा बराच रुंद लागतो.

झाडांबाबत एक वाद अजून मिटलेला नाही. पहिल्या दीड मीटरमध्ये कोणतीच वनस्पती नको, असा अग्निशमन यंत्रणांचा कल आहे. पाणी पाजलेली, ओलसर पानांची झाडे झळ अडवतात आणि निखारे झेलतात, असे काही वनस्पतितज्ज्ञ आणि लॉस एंजेलिसमधील रहिवासी म्हणतात. कॅलिफोर्नियात या पट्ट्याचा कायदा २०२० मध्ये झाला; नियम १ जानेवारी २०२३ पर्यंत व्हायचे होते, ते झाले नाहीत, आणि जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या आगींनंतर राज्यपालांना त्यासाठी आदेश काढावा लागला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण हिरवे झाड आणि त्याखाली साचलेला वाळका थर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भिंतीलगतच्या झुडपाखाली तो थर महिनोन्‌महिने कोणी काढत नाही. रोज निगा राखणाऱ्यापुरताच हिरव्या झाडाचा युक्तिवाद खरा मानता येतो. नियम सर्वांसाठी असतो, म्हणून तो कडक असणे योग्य.

ऑस्ट्रेलियाने या साऱ्याला मोजमाप दिले. तिथे वणव्याच्या टापूत घर बांधायचे तर जागेचा धोका आधी ठरवावा लागतो: झाडी कोणती, किती अंतरावर, उतार किती. त्यावरून भिंतीवर दर चौरस मीटरला किती किलोवॅट झळ पडेल ते काढतात आणि १२.५, १९, २९, ४० अशा पायऱ्यांवर बांधकामाचे नियम चढत जातात; ४० च्या वर थेट ज्वाळा भिडणारा वर्ग. भिंत, काच, दार, जाळी, ओटा या सर्वांचे नियम या एका आकड्याला बांधलेले आहेत. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसे गेली आणि दोन हजारांवर घरे जळाली, त्यानंतर हे मानक सुधारून लागू झाले.

नियमांचा उपयोग होतो का? पॅराडाइजच्या आगीनंतर वृत्तपत्रांनी केलेल्या एका विश्लेषणात २००८ नंतर, म्हणजे नव्या संहितेनुसार, बांधलेल्या एकेरी घरांपैकी सुमारे ५१ टक्के विनाहानी वाचली. त्याआधीच्या घरांपैकी केवळ १८ टक्के. फरक मोठा आहे. पण उत्तम बांधलेल्या घरांपैकीही जवळपास निम्म्यांना आगीने गाठले, हेही त्याच आकड्यात आहे. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच गावाचा अभ्यास केला तेव्हा घर वाचण्याशी सर्वांत घट्ट जोडलेल्या गोष्टींत जवळचे जळालेले घर किती अंतरावर होते ही एक निघाली. जंगलाची ज्वाळा मिनिटभर टिकते, जळते घर तासभर आणि अधिक. १० मीटरच्या आत दुसरे घर जळत असेल तर आपल्या भिंतीवर पडणारी झळ कोणत्याही झाडापेक्षा भयंकर असते.

या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग इथे आहे. घर एकट्याने पूर्ण सुरक्षित करता येत नाही. दाट वस्तीत शेजाऱ्याची पन्हळ हा आपलाच धोका असतो. शेजारी म्हातारा असेल, भाडेकरू असेल, मालक परगावी असेल, तर त्याचे अंगण कोण झाडणार? कॅनडात ‘फायरस्मार्ट’ आणि अमेरिकेत ‘फायरवाइज’ या योजना म्हणूनच घराऐवजी मोहल्ल्याला मान्यता देतात. पैशाचा प्रश्नही तिथेच येतो. नवे घर वणव्याला तोंड देईल असे बांधायला जवळपास नेहमीइतकाच खर्च येतो, असे अमेरिकेतील हेडवॉटर्स इकॉनॉमिक्स या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात दिसले. जुन्या घराचे छप्पर बदलणे मात्र महागडे आहे, आणि धोक्याच्या टापूतली बहुतेक घरे जुनीच आहेत. विमा कंपन्या अशा टापूंतून काढता पाय घेत आहेत. बचावाचे काम केलेल्या घरांना हप्त्यात सूट द्यावी असा नियम कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये केला. सूट मिळते ती खर्चाच्या मानाने थोडी. छपरासाठी सरकारी अनुदान मिळाल्याशिवाय गरीब वस्त्यांत हे काम होणार नाही, असेच अनुभवावरून म्हणावे लागते.

ऐनवेळच्या उपायांवर लोकांचा विश्वास गरजेपेक्षा जास्त असतो. छपरावर फवारे बसवले तर ओल्या पृष्ठभागावर निखारे विझतात, हे खरे. पण वणव्याच्या वेळी वीज जाते, नळाचा दाब घटतो, आणि वादळी वारा पाणी छपरावर पडूच देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात दहा-दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या पहाटेपर्यंत रिकाम्या झाल्या. घरची टाकी, इंधनावर चालणारा पंप आणि धातूचे नळ असतील तरच फवाऱ्यांना अर्थ आहे. ॲल्युमिनियमचे आच्छादनही उपयोगी पडते; सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘जनरल शर्मन’ या महावृक्षाचा बुंधा त्यात गुंडाळला होता. पण ते गुंडाळायला कुशल हात आणि भरपूर वेळ लागतो. बागेचे फवारे सुरू ठेवून निघून जाणे तर वाईटच, कारण त्याने अग्निशामकांच्या नळाचा दाब कमी होतो.

थांबून घर लढवावे की निघून जावे, यावर ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ एक धोरण होते: तयारी करून थांबा आणि लढा, नाहीतर लवकर निघा. त्याला आधारही होता. माणूस हजर असलेली घरे जास्त वाचतात, कारण छोटा निखारा बादलीभर पाण्याने विझतो. व्हिक्टोरियातील ७ फेब्रुवारी २००९ च्या त्या शनिवाराने या धोरणाची मर्यादा दाखवली. मृतांपैकी शंभरहून अधिक जण घरांमध्ये सापडले. चौकशी आयोगाने धोरण बदलायला लावले; सर्वांत भीषण दिवसांसाठी धोक्याची वेगळी वरची पायरी आली आणि त्या दिवशी लवकर निघून जाणे हाच सल्ला ठरला. ग्रीसमधील माटी येथे जुलै २०१८ मध्ये उशिरा निघालेली माणसे अरुंद गल्ल्यांत आणि समुद्राच्या कड्यावर अडकली. १०४ जण गेले. घर राखण्याच्या सर्व तयारीचा खरा हेतू माणसाला निर्धास्तपणे निघून जाता यावे हाच असायला हवा. निघताना दारे-खिडक्या घट्ट लावाव्यात, पडदे काढावेत, गॅस बंद करावा, अंगणातले सामान आत घ्यावे, दिवे लावून ठेवावेत म्हणजे धुरात घर दिसते, आणि छपराला शिडी टेकवून ठेवावी.

महाराष्ट्रात आणि गोव्यात वणवा घरांच्या रांगा जाळत नाही, कारण इथे घरे बहुधा दगड, वीट, जांभा आणि पत्र्या-कौलांची आहेत. नुकसान होते ते गोठे, पेंढ्याच्या उडव्या, आंबा-काजूच्या बागा, शाकारलेली घरे आणि मुकी जनावरे यांचे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या जंगलांत लागलेल्या आगी विझवायला नौदलाची हेलिकॉप्टरे लागली. सह्याद्रीच्या कुशीत मात्र लाकडी सज्जांची, गवताने वेढलेली नवी बंगले-वस्ती वाढते आहे आणि तिला वर सांगितलेले सगळे जसेच्या तसे लागू पडते. कॅलिफोर्नियात, मेलबर्नमध्ये, सिडनीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर खरेदीआधीच त्या जागेचा वणव्याचा वर्ग विचारून घ्यावा. इकडच्या गावांत उडवी घरापासून आणि गोठ्यापासून दूर रचावी, पावसाळा सरताच वाडीभोवतीचे गवत कापून जाळरेषा काढावी, बांधावर किंवा भाजावळीसाठी आग लावल्यास ती विझेपर्यंत जागा सोडू नये. जंगलात धूर दिसताच वनविभागाला, महाराष्ट्रात १९२६ या क्रमांकावर, कळवावे.